एक ओ जास्त: ‘लूझर’च्या स्पेलिंगची पार्श्वभूमी

बेळगावच्या टिळकवाडीतल्या पोरांचा टेनिस बॉल क्रिकेटचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. माझा भाचा त्यात आहे. मॅच जिंकलेल्यांपैकी एकाने हरलेल्यांना इंग्रजीत ‘लूझर्स’ म्हणून डिवचलं आणि लिहिताना ओ दोन घातले. पलीकडून लगेच उत्तर आलं, ‘आम्ही ढिले काय? आधी स्पेलिंग शीक बे.’ पुढचा अर्धा तास मॅच बाजूलाच राहिली, भांडण त्या एका ओवर चाललं. शेवटी भाचा फोन घेऊन माझ्याकडे आला. “मामा, करेक्ट कुठलं?” एक ओ, म्हटलं. “मग फोननं तांबडी रेघ का मारली नाही?”

प्रश्न रास्त होता. फोनने रेघ मारली नाही, कारण दोन ओचा शब्दही कोशात आहे. त्याचा अर्थ ‘अधिक ढिला’. चूक शोधणाऱ्या यंत्राला शब्द खरा आहे की खोटा एवढं झटकन कळतं, तो शिवी म्हणून वापरला आहे की पँटच्या मापासाठी, हे ओळखणं त्याला जड जातं.

हा गोंधळ पोरांनी केलेला नाही, तो मुळातच इंग्रजीत आहे. हरणं या अर्थाचं क्रियापद जुन्या इंग्रजीतल्या ‘लोसियन’वरून आलं, त्याचा अर्थ नष्ट होणं, हरवणं. ढिला या अर्थाचा शब्द उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतला, म्हणजे घराणी वेगळी. रीतीप्रमाणे हरण्याच्या शब्दाचा उच्चार ‘नोझ’, ‘रोझ’ यांच्यासारखा ‘लोझ’ व्हायला हवा होता. तो ‘लूझ’ झाला, आणि त्याला ढिल्या शब्दाची संगत कारणीभूत असावी असं मानतात. सोळाव्या-सतराव्या शतकात इंग्रजही हरण्याचं क्रियापद सर्रास दोन ओ घालून छापत. म्हणजे टिळकवाडीचा तो पोरगा चारशे वर्षं आधी लंडनमध्ये असता तर त्याला कुणी हटकलं नसतं.

पुढे दोन्ही शब्दांची स्पेलिंगं वेगळी ठरली. बोलण्यात फरक उरला तो शेवटच्या अक्षराचा: हरण्यात झ, ढिल्यात स. आणि आपल्याकडे नेमका तोच फरक पुसला जातो. ‘लूस मोशन’ कुणी म्हणतं का? लूज मोशन, लूज कनेक्शन, लूज तेल. सायकलच्या दुकानात गेलात तर मराठी मिस्त्री “चेन लूज झालीय की” म्हणेल आणि कन्नड मिस्त्री “लूज आगेत्री”. चेन दोघेही सारखीच आवळतात. कानाला दोन्ही शब्द एकच असतील तर लिहिताना हात दुकानात रोज ऐकलेल्या शब्दाकडे जाणारच.

जुन्या पिढीला ही अडचण का नव्हती? बेळगावला इंग्रजी शिव्यांची ओळख काही मोबाइलने करून दिलेली नाही. १८१८ साली इंग्रज सेनापती मन्रोने किल्ला घेतला, मग छावणी बसली आणि कॅम्पातलं इंग्रजी गावात झिरपू लागलं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२पासून इथंच आहे. ‘ब्लडी फूल’, ‘रास्कल’, ‘डॅम’ हे शब्द इंग्रजीचा एक धडा न वाचलेल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी मी ऐकले आहेत. पण ते कानाने आले आणि तोंडानेच पुढे गेले. लिहायची वेळच आली नाही, मग चुकणार काय? शिवी हातावेगळी करायला कागद लागत नसे. मोबाइल आला आणि भांडणं लेखी झाली.

त्या जुन्या शब्दांची आता लिहिताना जी दैना होते ती बघण्यासारखी असते. शाप देणाऱ्या ‘डॅम’च्या शेवटी न ऐकू येणारा एन आहे; शब्द लॅटिनवरून फ्रेंचमार्गे आला आणि तो एन सोबत राहिला. धरणाच्या डॅमला एन नाही. हिडकल डॅमच्या सहलीच्या फोटोखाली मी एनवालं स्पेलिंग पाहिलं आहे, म्हणजे भर पावसाळ्यात घटप्रभेला शाप. या शब्दाची एक देशी वंशावळही सांगितली जाते. युल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात असा तर्क आहे की ‘मला त्याची डॅमइतकीही पर्वा नाही’ या इंग्रजी बोलण्यातला डॅम म्हणजे आपला दाम, मोगलांचं तांब्याचं नाणं. अकबराच्या काळी चाळीस दामांचा रुपया होई. तर्क गोड आहे, ‘दाम करी काम’ म्हणणाऱ्या आपल्याला तर फारच, पण भाषेचे अभ्यासक तो मानत नाहीत.

‘बगर’ आणि ‘बेगर’ची गंमत उलटी. पहिला शब्द बल्गेरियावरून आला. तिथल्या धर्मद्रोही ठरवलेल्या पंथाच्या लोकांना फ्रान्समध्ये त्या नावाने हिणवत, आणि त्यातून ती घाणेरडी शिवी झाली. पुढे छापताना लाज वाटली की इंग्रज लेखक तिच्या जागी ‘बेगर’, म्हणजे भिकारी, घालत. तेव्हा आपल्याकडे कुणी बगरच्या जागी बेगर लिहिलं तर सभ्यपणाचं श्रेय त्याला द्यायला माझी हरकत नाही. शिव्यांना कोशकारांनीही बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा सगळ्यात गाजलेल्या दोन शिव्या तिच्यात नव्हत्या. त्या दोघींनाही, म्हणजे बहुतेक तुमच्या मनात आलेलीलाही, १९७२च्या पुरवणीत जागा मिळाली.

‘लूझर’ मात्र छावणीतून आलेला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या बोलीत तो शिवी म्हणून रुळला, आणि आपल्या पोरांपर्यंत पडद्यावरून पोचला. बेळगावात पोचल्यावर त्याची गाठ दक्षिणेतून वर आलेल्या भावंडाशी पडली. तमिळमध्ये ‘लूसु’ आणि बंगळूरच्या कन्नडात ‘लूस’ म्हणजे येडा. आपण डोक्याचा स्क्रू ढिला म्हणतो तोच हा ढिला. कन्नड नट योगेश ‘लूस माद’ याच नावाने ओळखला जातो. इथल्या कन्नडात येड्याला ‘हुच्च’ हा खणखणीत शब्द असूनही पोरांना बंगळूरचा लूस आवडतो. त्यामुळे कोल्हापुरात दोन ओ ही निव्वळ चूक ठरेल, बेळगावात तसं छातीठोक सांगता येत नाही. लिहिणाऱ्याला ‘तुम्ही हरलात’ म्हणायचं होतं की ‘तुम्ही येडे आहात’, हे त्यालाच विचारावं लागेल. स्वतःच्या गावाचं इंग्रजी स्पेलिंग १ नोव्हेंबर २०१४ला बदललेलं पाहिलेल्या आणि तरी मराठीत बेळगावच लिहिणाऱ्या लोकांना स्पेलिंगवरून वाद घालायला फार शिकवावंही लागत नाही.

भाच्याला यातलं निम्मं सांगितलं. त्याने ग्रुपवर तोडगा टाकला: इथून पुढं शिवी देवनागरीत. पहिल्याने लिहिलं ‘लूझर’, दुसऱ्याने ‘लूजर’. रात्री अकरा वाजता पुन्हा मेसेज आला, “मामा, झ की ज?”