इगर्जीच्या भिंतीतला लोणा

ओल्ड गोव्याला जाऊन आलेल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बॉम जेझू बॅसिलिकाचा लालसर दर्शनी भाग असतो. १६०५ साली ती अशीच उघड्या चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, बांधून झाली, असं बहुतेकांना वाटतं. पण तिच्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता. १९५०च्या दशकात तो खरवडून काढला. हे आठवलं ते यंदा मे महिन्यात वेंगुर्ल्याकडच्या एका जुन्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये. पुढच्या भिंतीचा चुना काढून सिमेंट थापणं चाललं होतं. "आता पन्नास वर्सां बघूक नको," ठेकेदार म्हणाला.

बाजूच्या भिंतीला पंधरा वर्षांपूर्वीच सिमेंट केलेलं. बोटांनी टकटक केली तर पोकळ आवाज. कडेचा पोपडा ओढला, तो हातभर निघाला आणि त्याच्या पाठीला चिऱ्याचा लाल भुगा चिकटून आला. जिभेला लावून पाहिला. खारट!

सगळा खेळ या मिठाचा. जांभा छिद्राछिद्रांचा, भिंतीच्या पायातली ओल केशाकर्षणाने (दिव्याच्या वातीत तेल चढतं तशी) त्यात वर चढते आणि खारं वारं मीठ पुरवतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, तेच भिंतीतही होतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून विरघळतं, खाली आली की त्याचे पुन्हा स्फटिक होतात. थंडीत पहाटे दव आणि दुपारी कोरडी हवा, म्हणजे हे चक्र रोजचं. स्फटिक मोठ्या छिद्रात वाढतो, बारीक छिद्रांतून अतिसंपृक्त (मावेल त्याहून जास्त मीठ विरघळलेलं) द्रावण त्याला मिळत राहतं, आणि छिद्र भरलं तरी वाढ न थांबल्याने तो दगडाच्या कणांनाच रेटतो. यालाच आपण लोणा लागणं म्हणतो.

म्हणून पाणी भिंतीत नेमकं कुठे सुकतं, यावर सगळं ठरतं. शिंपले भट्टीत भाजले की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो; विरवून भिंतीला लावला की तोच वायू हवेतून घेत तो पुन्हा दगड होतो, पण वाफ जाऊ देणारा दगड. ओल बाहेर येऊन सुकते, मीठ गिलाव्यात साठतं, काही वर्षांनी गिलावा झडतो. झडू द्यावा, नवा करावा. चिरा शाबूत राहतो. सिमेंट वाफेला अडवतं, मग स्फटिक त्याच्या मागे चिऱ्यातच धरतात. आणि बॉम जेझूसारखा चिरा उघडा टाकला, तर पाऊस आणि मीठ दोन्ही थेट त्याच्यावर.

जुन्या भिंती टिकल्या त्या गूळ, बेल, अंड्यांच्या कुठल्या तरी गुप्त मिश्रणामुळे, असे मेसेज फिरत असतात. कारागीर असे पदार्थ घालत, त्यांचा उपयोगही होतो. पण गुपित वगैरे काही नाही. चुना चांगला मुरवायचा आणि वेळच्या वेळी पुन्हा लावायचा, एवढंच ते काम.

त्या इगर्जीची वेदीमागची भिंत अजून चुन्याचीच आहे. तिथे खपली पडलीय, खाली पांढरी पूड साचलीय. ठेकेदाराला ती खराब वाटते. मी त्याला आतला चिरा दाखवला. कडा अजून धारदार होत्या.