सुहेली (शिडाची नौका)

सुहेली ही मुंबईत सागवानात बांधलेली, दोन डोलकाठ्यांची छोटी शिडाची नौका. एकट्या माणसाने कुठेही न थांबता केलेली जगातली पहिली समुद्री पृथ्वीप्रदक्षिणा हिच्यावरून झाली. डेकवरची लांबी जेमतेम 32 फूट. नाव आखातातल्या एका वाऱ्याचे. त्यामागचा 'सुहेल' म्हणजे आपला अगस्तीचा तारा.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीतला तरुण अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ती कुलाब्याला बांधायला घातली. आराखडा विल्यम ॲटकिन यांच्या 'एरिक' नौकेचा, आणि त्याचे मूळ नॉर्वेच्या कॉलिन आर्चर यांच्या बचावनौकांत. मागवला होता वेगळाच आराखडा, पण हाती आला तो हा, आणि त्यावरच काम सुरू झाले. काम सगळे हातहत्यारांचे : वाकसाने लाकूड तासायचे, सामत्याने भोके पाडायची. डिसेंबर 1964 मध्ये नारळ फोडून ती पाण्यात उतरवली. प्रदक्षिणेच्या इतिहासात खलाशाचे नाव राहिले. त्या मिस्त्रींची नावेही तितक्याच मानाने नोंदली जायला हवी होती.

1965 च्या अखेरीस ती मुंबई सोडून आफ्रिकेच्या वाटेने इंग्लंडला निघाली. केपटाउन ते लंडन हा टप्पा तिने न थांबता 74 दिवसांत कापला. 'संडे टाइम्स' या ब्रिटिश वृत्तपत्राची गोल्डन ग्लोब शर्यत (एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा) जाहीर झाली तेव्हा नॉक्स-जॉन्स्टनला याहून मोठी, वेगवान बोट हवी होती, पण पैसे जमले नाहीत. 14 जून 1968 रोजी सुहेली इंग्लंडच्या फालमथ बंदरातून निघाली.

अटलांटिकमध्येच तळाच्या कण्याजवळची फट उघडून पाणी आत येऊ लागले. नॉक्स-जॉन्स्टनने शार्कच्या नजरेत गोरे अंग भरू नये म्हणून गडद कपडे चढवले, बुडी मारली आणि दम टिकेल तेवढा वेळ फटीत कापूस ठासला. मग वर यायचे, श्वास घ्यायचा, पुन्हा खाली. वरून कॅनव्हासची पट्टी आणि तांब्याचा पत्रा ठोकला. मध्येच घिरट्या घालणारा एक शार्क त्याने बंदुकीने मारला. पुढे रेडिओ बंद पडला, ऑस्ट्रेलियाजवळ आपोआप सुकाणू धरणारी यंत्रणा मोडली. न्यूझीलंडनंतर कित्येक महिने तिची खबर नव्हती. 22 एप्रिल 1969 रोजी, 312 दिवसांनी, ती फालमथला परतली. नऊ स्पर्धकांत शर्यत पुरी करणारी ती एकटीच.

1990 च्या दशकाच्या अखेरीस तिला ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवले. तिथल्या कोरड्या हवेत फळ्या आक्रसू लागल्या, तेव्हा मालकाने तिला बाहेर काढून दुरुस्तीला घेतले. हा निर्णय योग्यच होता. असे लाकूड पाण्यातच टिकते.

याच आराखड्यावर गोव्यात 'थुरिया' बांधली गेली. 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत नौदल अधिकारी अभिलाष टॉमी तिच्यावर होते. सप्टेंबरमध्ये दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली; फ्रेंच जहाज 'ओसिरिस'ने त्यांना वाचवले.