रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून: चपड्यापासून ॲल्युमिनापर्यंत

बेळगावात हल्ली कपाट करायला घेतलं की सुतार आधी विचारतो, पीयू (म्हणजे पॉलियुरेथेन) मारायचं की साधं पॉलिश, आणि वर सांगतो की पीयूला चरे पडत नाहीत. पडतात की, फक्त कमी, आणि ते नुसत्या पीयूमुळं नाही, डब्यात चिमूटभर घातलेल्या ॲडिटिव्हमुळं, म्हणजे गुण वाढवायला मिसळलेल्या पदार्थामुळं पण.

पूर्वी चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे, स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं घासायचे. चमक झकास, पण गरम कप ठेवला की पांढरा डाग आणि नखानं पण ओरखडा. म्हणून वरनं मेण चोळायचे, म्हणजे घासणारी वस्तू रुतायच्या ऐवजी घसरून जाते. नंतरच्या निम्म्या केमिस्ट्रीनं हेच केलं असं माझं मत.

1923 च्या सुमारास ड्युपॉन्टचा ड्युको हा झटपट वाळणारा रंग आला, जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांना लागला, रंग वाळायचे आठवडे वाचले. 1937 मध्ये जर्मनीत ओटो बायरनी पॉलियुरेथेन शोधलं, आणि 1943 मध्ये अमेरिकेत डाऊ कॉर्निंग सुरू झाली ती सिलिकोनसाठीच. सिलिकोनचा गुण असा की रंग ओला असताना ते आपोआप वर येऊन बसतं, थर निसरडा होतो. पण कुठलंही सिलिकोन ऑइल ओतून चालत नाही, जास्त झालं की रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात आणि दुसरा कोट धरत नाही, म्हणून गाड्या रंगवणारे सिलिकोनवाल्या पॉलिशचा डबा शेडमध्ये आणू देत नाहीत, आणि बरोबरच आहे त्यांचं. पुढं सिलिकोनला पॉलिइथर जोडून ते रंगात नीट मिसळेल असं केलं, आज ॲडिटिव्ह म्हणून चालतं ते बहुतेक हेच.

दुसरी वाट म्हणजे थरच कडक करायचा. इथं आपल्या गावाचा संबंध येतो, कारण बेळगावच्या हिंदाल्कोच्या कारखान्यात, जुन्या लोकांच्या इंडालमध्ये, बॉक्साइटपासून ॲल्युमिना काढतात, आणि ॲल्युमिनाचंच कडक रूप म्हणजे कुरुंद, कडकपणाच्या मोह्सच्या मापात 9, काच साधारण साडेपाच. लॅमिनेट फ्लोअरिंगच्या वरच्या थरात असलाच ॲल्युमिना असतो म्हणून खुर्च्या ओढल्या तरी ते टिकतं. मग सगळीकडंच का नाही घालत? कारण त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो त्याचं माप, 1.76 च्या आसपास आणि रेझिनचा, म्हणजे रंगाचा थर बनवणाऱ्या चिकट पदार्थाचा, 1.5, त्यामुळं क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, धुरकट दिसतो. सिलिकाचा, म्हणजे वाळूतल्या पदार्थाचा (सिलिकोन वेगळं), 1.46, म्हणजे रेझिनच्या जवळ, म्हणून पारदर्शक कामाला सिलिका. त्यातही कण प्रकाशाच्या लहरीपेक्षा, म्हणजे 400 नॅनोमीटरपेक्षा, पुष्कळ बारीक केले की डोळ्याला कळतच नाहीत. मर्सिडीजनं 2003 मध्ये नॅनो कणांचा क्लिअर कोट गाड्यांना दिला तो याच हिशेबानं.

सध्या अडचण आहे टेफ्लॉनवाल्या मेणांची. घसरण आणि घासण्याला टिकाव दोन्ही देतात म्हणून ती लई चालली, पण ती पीफासच्या, म्हणजे निसर्गात लवकर न मोडणाऱ्या फ्लोरिनवाल्या रसायनांच्या कुळातली आणि 2023 मध्ये युरोपात त्या अख्ख्या कुळावरच बंधनं घालायचा प्रस्ताव आला, त्यामुळं कंपन्या परत पॉलिथिलीनच्या आणि वनस्पतींच्या मेणांकडं वळायला लागल्यात.