दीर्घप्रभावी इंजेक्शने (पशुवैद्यक)

एकदा टोचल्यावर जनावराच्या शरीरात कित्येक दिवस, क्वचित कित्येक महिने, औषध हळूहळू सोडत राहणारी इंजेक्शने. माणसाला रोज गोळी घ्यायला सांगता येते. कुरणात मोकळे हिंडणारे वासरू मात्र दर मात्रेला पकडून जखडावे लागते. आजारी जिवाला ही झटापट सोसत नाही.

मूळ युक्ती औषधाला टोचल्या जागी रेंगाळत ठेवण्याची. औषध शरीराबाहेर पडण्याच्या वेगापेक्षा ते रक्तात झिरपण्याचा वेग कमी असला, की परिणाम किती टिकणार हे त्या साठ्यावर ठरते. बेंझाथीन पेनिसिलिन पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणूनच टिकते. एप्रिनोमेक्टिनच्या एका जंतनाशकात पीएलजीए हे शरीरात हळूहळू विघटित होणारे बहुलक (लांब साखळीच्या रेणूंचा पदार्थ) असते. कातडीखाली त्याचे जेल बनते आणि गुरांमध्ये परिणाम 100 दिवसांहून अधिक राहतो. सेफोवेसिन हे प्रतिजैविक साठा करत नाही. ते रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटते, आणि कुत्र्या-मांजरांत एक टोचणी 14 दिवसांपर्यंत पुरते.

खरी कसोटी कुपीत लागते. तेलातल्या औषधाचे कण तळाशी बसतात. कुपी हलवल्यावर ते पुन्हा एकसारखे मिसळले नाहीत, तर कळपातल्या पहिल्या गाईला एक मात्रा मिळते आणि शेवटच्या गाईला भलतीच. थंडीत तेल घट्ट होते, दट्ट्या रेटता रेटत नाही. जाड सुई घ्यावी तर जनावराला जास्त दुखते. शिवाय टोचल्याबरोबर बरेचसे औषध एकदम सुटता कामा नये.

दुधा-मांसाच्या जनावरांत टोचल्या जागी उरणारा अंश ही मोठी अडचण, आणि प्रतीक्षाकाळ (औषध दिल्यावर दूध-मांस वापरण्याआधी थांबायचे दिवस) त्यामुळेच लांबतो. सेफ्टिओफर या प्रतिजैविकाचे एक दीर्घप्रभावी रूप गुरांच्या कानाच्या मुळाशी कातडीखाली देतात, कारण कान खाण्यात जात नाही. पण तिथल्या धमनीत सुई गेली तर जनावर जागच्या जागी दगावू शकते.

जंतनाशकांच्या परिणामाच्या शेवटच्या दिवसांकडे मात्र हवे तेवढे लक्ष जात नाही. साठा संपत आला की रक्तातले प्रमाण जंत मारायला अपुरे पडते. दणकट जंत तेवढे तगतात आणि त्यांचीच वीण वाढते.

टोचलेला साठा परत काढून घेता येत नाही, त्यामुळे सुरक्षिततेच्या चाचण्या लांबलचक चालतात. कुत्र्यांच्या हृदयातील जंतांना प्रतिबंध करणारे मॉक्सिडेक्टिनचे सहामाही इंजेक्शन दुष्परिणामांच्या तक्रारींमुळे अमेरिकेत 2004 मध्ये बाजारातून काढून घेतले गेले. 2008 मध्ये ते परतले, ते पशुवैद्यांचे प्रशिक्षण आणि मालकाला धोके समजावून घेतलेली संमती या अटींवर.