३६० अंशांचा व्हिडिओ की खरं व्हीआर? पुढे झुकून बघा

डोळ्यांवर चढवायचा व्हीआर (व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी जग) हेडसेट पहिल्यांदा घातलेलं मूल हमखास दोन गोष्टी करतं. आधी गर्रकन मागे वळून बघतं, मग समोरच्या वस्तूला हात लावायला पुढे झुकतं. मान वळवली की दृश्य वळतं, इथपर्यंत सगळं सारखंच. फरक कळतो तो झुकल्यावर. वस्तू जवळ आली, तिची पलीकडची कड दिसायला लागली, तर ते व्हीआर. आपण झुकलो आणि वस्तू तेवढ्याच अंतरावर राहिली, तर बहुधा तो ३६० अंशांचा व्हिडिओ. वर्गात दोन्हींना सर्रास ‘व्हीआर’च म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

३६० अंशांच्या व्हिडिओत कॅमेरा एका जागी उभा राहून चहूबाजूंचं चित्र टिपतो. ते चित्र एका मोठ्या चेंडूला आतून चिकटवलंय आणि मूल मधोमध बसलंय, असं समजा. मान वर-खाली झाली, डावी-उजवीकडे वळली किंवा खांद्याकडे कलली, एवढ्या तीनच हालचालींना इथे अर्थ असतो. पाऊल पुढे टाकून उपयोग नाही, कारण तिथून काय दिसतं ते कॅमेऱ्याने टिपलेलंच नाही. खऱ्या व्हीआरमध्ये चित्र आधीपासून तयार नसतं. डोकं जिथे असेल तिथून काय दिसेल, ते संगणक सेकंदाला ७०-९० वेळा नव्याने रेखाटतो. त्यामुळे पुढे-मागे, बाजूला आणि उठ-बस याही हालचाली धरल्या जातात.

हृदयाचा धडा घ्या. व्हिडिओत धडधडतं हृदय समोर दिसेल, भव्य दिसेल, पण मूल प्रेक्षकच. व्हीआरमध्ये तेच हृदय हातात धरून फिरवता येतं. कापलेल्या बाजूने आत डोकावलं की डावं अलिंद आणि डावं निलय यांच्यामधली द्विदल झडप दिसते. निलय आकुंचन पावताना ती का मिटते, हे खालून वाकून बघता येतं. आकृतीत सपाट झालेली गोष्ट इथे परत गोल होते.

उलट प्रवाळाचं बेट किंवा हिमनदी दाखवायची असेल तर मी व्हिडिओच निवडेन. ती जागा खरी असते, कोणी रेखाटलेली नसते. फक्त त्यात बारीक अक्षरं वाचायला लावू नका. ३,८४० पिक्सेल रुंदीचा ‘फोर-के’ व्हिडिओ पूर्ण वर्तुळात पसरतो, म्हणजे नजरेसमोरच्या ९० अंशांच्या वाट्याला जेमतेम ९६० पिक्सेल येतात. दूरची पाटी धूसर दिसते आणि दोष बिचाऱ्या इंटरनेटला लागतो.

हेडसेट घातल्यावर कधीकधी होणाऱ्या मळमळीचं कारण दोन्हीकडे एकच: डोळे म्हणतात आपण चाललोय, तोल सांभाळणारा आतला कान म्हणतो बसलोय. म्हणून चालत्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ टाळावा. व्हीआरमध्ये स्वतःच्या पायांनी चाललं तर त्रास कमी, हातातल्या कंट्रोलरची दांडी बोटाने ढकलत फिरलं तर तोच त्रास परत.

शिक्षकाच्या बाजूने बघितलं तर व्हिडिओ सोपा. सगळ्यांना एकदम दाखवता येतो, थांबवता येतो. गुगलच्या ‘एक्स्पिडिशन्स’ या वर्गात आभासी सहली घडवणाऱ्या सेवेत बहुतेक अशीच ३६० अंशांची दृश्यं होती, आणि कोणतं मूल कुठे बघतंय हे शिक्षकाला टॅबलेटवर दिसायचं. ती सेवा २०२१ साली बंद झाली. व्हीआरमध्ये प्रत्येक जण आपापल्या जगात: एक अडकलेला, दुसऱ्याचं उरकलेलं. शिवाय हिंडायचं तर दरडोई दोन बाय दोन मीटर मोकळी जागा हवी. तीस मुलांना १२० चौरस मीटर झाली! म्हणजे चार-पाच जणांचे गट करूनच भागवावं लागतं.

आणि व्हीआर म्हणजे जास्त शिकणं, असंही नाही. संशोधक गुइडो माक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेचा तोच धडा हेडसेटमध्ये आणि साध्या पडद्यावर केला. हेडसेटमध्ये ‘आपण तिथेच आहोत’ असं जास्त वाटलं, पण शिकणं कमी झालं. धड्याला वस्तूची खोली, आकार किंवा हाताची कृती लागत नसेल तर पडदा पुरतो, असं माझं मत.

खरेदीतली एक फसगत मात्र राहिलीच. महाग हेडसेटवर ३६० अंशांचा व्हिडिओ लावला तर तो व्हिडिओच राहतो. त्यामुळे डेमोच्या वेळी यंत्राचं नाव विचारण्याआधी आपला धडा त्यात लावायला सांगा, आणि पुढे झुका.