चिरतारुण्य (प्रेमकथांमधील कल्पना)

प्रेम करणाऱ्या दोघांपैकी एकाचे वय थांबते, दुसऱ्याचे वाढत राहते, आणि त्यातून जो पेच उभा राहतो त्यावर रचलेल्या अद्भुत प्रेमकथांची ही मूळ कल्पना. तारुण्य टिकणे हे वरदान वाटावे. पण अशा कथांत ते बहुधा शापच ठरते, कारण बरोबरीने म्हातारे होण्याचे सुख त्यात हातचे जाते. अलीकडे परदेशी चित्रपटांमुळे ही कल्पना नव्याने लोकप्रिय झाली. नागपूरच्या वाचकाला मात्र तिच्यासाठी फार दूर जावे लागत नाही. दमयंती विदर्भाची, आणि मेघदूतातला यक्ष रामटेकचा.

चित्रपटांत या कल्पनेचे सर्वांत नेटके उदाहरण म्हणजे ली टोलंड क्रीगर दिग्दर्शित ‘द एज ऑफ ॲडलाइन’ (२०१५). नायिकेचा जन्म १९०८ चा. १९३७ मध्ये तिची मोटार गारठलेल्या पाण्यात कोसळते, वर वीज पडते आणि एकोणतिसाव्या वर्षी तिचे वय थांबते. कोणाला संशय येऊ नये म्हणून दर दहा वर्षांनी ती नाव, गाव, कागदपत्रे सगळे बदलते. पोटची मुलगी तिच्या डोळ्यांदेखत तिच्यापेक्षा म्हातारी होते. विजेचे शास्त्रीय स्पष्टीकरण निवेदक देतो खरे, पण ते निमित्तमात्र. चित्रपटाचा जीव आहे हातावरच्या एका व्रणात. ज्या तरुणाला ती काही न सांगता सोडून गेली, त्याच्याच मुलाची प्रेयसी म्हणून ती अनेक वर्षांनी त्याच्या घरी येते. म्हातारा झालेला तो (भूमिका हॅरिसन फोर्ड यांची) चेहरा ओळखतो, पण बुद्धीला पटत नाही. मग स्वतः टाके घातलेल्या जखमेचा व्रण त्याला दिसतो आणि शंका उरत नाही. शेवटी आरशात पहिला पांढरा केस दिसताच नायिका हरखते. पांढऱ्या केसाचा आनंद प्रेक्षकाला खरा वाटावा, हे ब्लेक लाइव्हली यांच्या अभिनयाचे मोठे यश.

भारतीय परंपरेत ययातीची कथा सर्वपरिचित आहे; वि. स. खांडेकरांच्या कादंबरीने ती मराठी घराघरांत नेली. पण तिथे उसने तारुण्य भोगासाठी आहे. प्रेमाच्या बाजूने हाच प्रश्न विचारणारी कथा महाभारताच्या वनपर्वात आहे आणि ती विदर्भाची आहे. दमयंतीच्या स्वयंवरात इंद्र, अग्नी, वरुण आणि यम हे चौघे नळाचे रूप घेऊन बसतात. एकसारखे पाच नळ समोर पाहून ती गोंधळते आणि देवांनाच शरण जाऊन आपापली चिन्हे प्रकट करण्याची विनवणी करते. तेव्हा तिला दिसते की चौघांच्या अंगावर घाम नाही, पापण्या लवत नाहीत, गळ्यातल्या माळा टवटवीत आहेत, पाय भुईला टेकलेले नाहीत. पाचव्याची मात्र माळ कोमेजलेली, अंगाला धूळ आणि घाम, पापणी लवते, सावली पडते. दमयंती त्याच्या वस्त्राचा काठ धरते आणि त्याच्या खांद्यावर माळ टाकते. ज्यांना म्हातारपण नाही असे चार वर समोर असताना कोमेजणारा माणूस निवडणे, इतकी धीट निवड जगातल्या प्रेमकथांत क्वचितच सापडेल. पुढे कर्कोटक नागाच्या दंशाने नळाचे रूप पार पालटते. तेव्हा चेहऱ्याचा उपयोग नसतो. बाहुक नावाने सारथी झालेल्या नळाने रांधलेल्या मांसाची चव घेऊन ती नवऱ्याला ओळखते. व्रण, घाम, हातची चव: या कथांत ओळख पटते ती अशाच खुणांनी.

मेघदूतात कालिदासाने हीच गोष्ट उलट्या बाजूने मांडली आहे. यक्षांच्या अलकानगरीत तारुण्याशिवाय दुसरे वयच नाही, आनंदाशिवाय दुसऱ्या कारणाने डोळ्यांत पाणी येत नाही. अशा ठिकाणी वर्षाला काय किंमत असणार? पण कुबेराच्या वर्षभराच्या शापाने यक्ष रामगिरीवर येऊन पडतो आणि एकेक दिवस जड होतो. हात इतके वाळतात की सोन्याचे कडे गळून पडते. तिकडे अलकेत त्याची पत्नी उंबऱ्यावर वाहिलेली फुले जमिनीवर मांडून उरलेले महिने मोजते. शेषशायी विष्णू उठेल त्या कार्तिकी एकादशीला शाप संपणार, तोवर चार महिने डोळे मिटून काढ, असा त्याचा निरोप आहे. चिरतरुण जोडप्याला म्हाताऱ्या माणसांसारखे दिवस मोजायला लावणे ही कालिदासाची खरी किमया. वैशाखात पोळून मृगाकडे डोळे लावून बसणाऱ्या नागपूरकराला त्या आषाढमेघाची ओढ वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हा रामगिरी म्हणजे नागपूरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवरचे रामटेक, हे मत नागपुरात अध्यापन केलेले संशोधक वा. वि. मिराशी यांनी हिरिरीने मांडले. विदर्भावर राज्य करणाऱ्या प्राचीन वाकाटक घराण्यातील राणी प्रभावतीगुप्ता हिचा रिद्धपूर ताम्रपट रामगिरीस्वामींच्या, म्हणजे रामगिरीवरील देवाच्या, चरणांपासून दिलेला आहे आणि रामटेकच्या टेकडीवर वाकाटककालीन मंदिरे आजही उभी आहेत, हे त्या मताचे मोठे बळ. मेघदूतावर संस्कृत टीका (भाष्य) लिहिणाऱ्या मल्लिनाथाने मात्र रामगिरी म्हणजे चित्रकूट असे म्हटले आहे; छत्तीसगडमधील सरगुजाच्या रामगडाचा दावाही आहे. वाद मिटलेला नाही, पण विदर्भाने यक्षाला केव्हाच आपलेसे केले आहे. रामटेकला कालिदास स्मारक आहे, कवीच्या नावाचे संस्कृत विद्यापीठ १९९७ मध्ये तिथेच स्थापन झाले, आणि आषाढाचा पहिला दिवस कालिदास दिन म्हणून साजरा होतो.