मॅलेफिसंट

मॅलेफिसंट ही डिस्नीच्या १९५९ सालच्या 'स्लीपिंग ब्युटी' या अ‍ॅनिमेशन पिक्चरमधली खलनायिका. काळी शिंगं, हिरवट चेहरा, जमिनीवर लोळणारा काळा-जांभळा झगा, हातात काठी आणि सोबतीला डायब्लो नावाचा डोमकावळा. पिक्चर नावाला राजकन्या ऑरोराचा, पण ऑरोरा अर्धा वेळ झोपलेली आणि उरलेल्यात गाणी म्हणणारी, त्यामुळे बघून झाल्यावर डोक्यात राहते ती हीच.

तिचा राग कशावरून, तर राजकन्येच्या बारशाला बोलावलं नाही. बस, एवढंच. आपल्याकडे मानपानावरून मांडवात रुसून बसणारी आत्या असते ना, तोच मामला, फक्त ही आत्या रुसून घरी न जाता पाळण्यासमोर उभी राहते आणि सांगते की सोळाव्या वाढदिवसाचा सूर्य मावळायच्या आत पोरीच्या बोटात चरख्याची चाती घुसेल आणि ती मरेल. मेरीवेदर नावाच्या परीचं वरदान द्यायचं राहिलेलं असतं म्हणून मरणाचं झोपेवर निभावतं.

मूळ कथांमध्ये ही बाई एका सीनपुरतीच आहे. शार्ल पेरोच्या १६९७ सालच्या फ्रेंच कथेत ती एक म्हातारी परी, पन्नासेक वर्षं बुरुजाबाहेर न पडलेली, लोकांना वाटत होतं मेली असेल, आणि सोन्याचे डबे सातच बनवलेले असल्यामुळे हिच्या वाट्याला काही येत नाही. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या जर्मन कथेत सोन्याची ताटं बारा आणि पऱ्या तेरा, त्यामुळे तेरावीला वगळलेलं. दोन्हीकडे शाप देऊन झाला की बाई गायब. तिला परत आणलं ते चायकोव्हस्कीच्या बॅलेने. सेंट पीटर्सबर्गला १८९० मध्ये तो पहिल्यांदा झाला तेव्हा काराबोस या दुष्ट परीचं काम एनरिको चेकेत्ती या पुरुष नर्तकाने केलं होतं. डिस्नीने याच बॅलेचं संगीत पिक्चरला वापरलं आणि खलनायिकेला शेवटपर्यंत गोष्टीत ठेवलं. पेरोच्या कथेतली राजकन्येची शंभर वर्षांची झोप सुद्धा इथे वेगळ्याच कामाला आली. राजपुत्र फिलिपला तळघरात साखळदंडात बांधून ती त्याला आरामात समजावते की शंभर वर्षांनी तुला सोडते, मग म्हातारा होऊन जा तुझ्या प्रेयसीला उठवायला. अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात क्रूर सीन हाच आहे आणि त्यात ती आवाजसुद्धा चढवत नाही.

तिचं डिझाईन आणि बरंचसं अ‍ॅनिमेशन मार्क डेव्हिस यांचं. ऑरोराही त्यांनीच केली, आणि पुढे १९६१ मध्ये क्रुएला डी व्हिलही, म्हणजे माणसाचा हात दोन्हीकडे चालायचा. अडचण अशी होती की मॅलेफिसंट जवळजवळ कोणाला हातच लावत नाही, नुसती उभी राहून बोलते, आणि अ‍ॅनिमेटरला असं पात्र म्हणजे डोकेदुखी, कारण हलवायचं काय? मग सगळा भार झग्याच्या कडांवर, बोटांवर आणि भुवयांवर टाकला. आधी झग्याला लाल रंग ठरला होता, पण बॅकग्राउंड रंगवणारे आयव्हिंड अर्ल यांच्या सांगण्यावरून जांभळा आला, आणि ते बरंच झालं, लाल-काळं म्हणजे अगदीच नाटकातला सैतान वाटला असता. आवाज एलेनॉर ऑडली यांचा. 'सिंड्रेला'मधल्या (१९५०) सावत्र आईचा आवाजही त्यांचाच होता, दोन्ही पिक्चर लागोपाठ पाहिले तर लगेच कळतं.

तिच्या हाताखालचे लोक मात्र ठोंबे. सोळा वर्षं ते राजकन्येला शोधतात आणि शेवटी कळतं की एवढी वर्षं पाळणेच तपासत होते. त्यावर ती आधी खदखदून हसते आणि मग त्यांच्यावर विजा सोडते. शेवटी नरकातल्या सगळ्या शक्तींना हाक मारून ती काळ्या ड्रॅगनचं रूप घेते, हिरव्या ज्वाळा ओकते आणि फिलिपची तलवार छातीत घुसून मरते.

पिक्चरला सुमारे ६० लाख डॉलर खर्च आला, डिस्नीचा तोवरचा सगळ्यात महागडा अ‍ॅनिमेशनपट, आणि पहिल्या फेरीत पैसे काही वसूल झाले नाहीत. त्यानंतर स्टुडिओने परीकथेतली राजकन्या थेट १९८९ मध्ये 'द लिटल मर्मेड'मध्ये आणली.

२०१४ मध्ये अँजेलिना जोलीला घेऊन 'मॅलेफिसंट' हा जिवंत कलाकारांचा पिक्चर आला, जगभरात ७५ कोटी डॉलरच्या वर धंदा केला, २०१९ मध्ये दुसरा भागही निघाला. यात ऑरोराचा बाप स्टीफन तिचे पंख कापून नेतो म्हणून ती शाप देते आणि पुढे ऑरोराला जागं करणारी पापीही तिचीच. जोली झकास आहे, वादच नाही, पण कारण मिळालं की बाईची दहशत निम्मी होते, नुसत्या आमंत्रणावरून पेटणारी बाई जास्त भीतीदायक होती. वर ड्रॅगनही ती स्वतः होत नाही, तिच्या कावळ्याला करते, हे तर अजिबातच पटत नाही.

कॅलिफोर्नियाच्या डिस्नेलँडमध्ये 'फँटास्मिक' नावाचा रात्रीचा शो १९९२ पासून आहे, त्यात ती सुमारे ४५ फुटी यांत्रिक ड्रॅगन होऊन यायची. एप्रिल २०२३ मध्ये चालू शोमध्ये त्या ड्रॅगनलाच आग लागली आणि तो जळाला. २०२४ मध्ये शो परत सुरू झाला, पण ड्रॅगन काही परत आणला नाही, आता मिकीशी भांडायला मॅलेफिसंट स्वतःच उंच वर जाते.